पहिलीची बाकं मैदानावर

"शाळेत भूत आहे असं म्हटलं तर तुम्ही हसाल," खुर्चीत बसता बसता मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "म्हणून मी चोर आहे असं म्हणते."

वहिनींनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. बाईंनी तो उचलला, पण ओठांना लावला नाही. त्यांनी पेला तसाच खाली ठेवला.

वहिनी म्हणजे सगळ्या गावाच्या वहिनी. नवऱ्याच्या मागे त्याची खासगी तपासाची कचेरी त्या चालवत, आणि त्यांचे धाकटे दीर त्यांना मदत करत. मदत म्हणजे चहा सांगणं, दार उघडणं आणि भलत्याच माणसावर संशय घेणं. या दिरांना वहिनी भाऊजी म्हणत. भाऊजींची 'वहिनी' ही हाक ऐकून ऐकून पोलिसांपासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांनी तीच उचलली होती.

"चोरीला काय गेलं?" भाऊजींनी विचारलं.

"काहीच नाही, तेच तर नवल! नवी इमारत सुट्टी लागायच्या आधी मिळायची होती. आज मिळेल, उद्या मिळेल करता करता सुट्टी संपत आली. सोमवारी शाळा उघडतेय. कोपऱ्यातली खोली पहिलीच्या वर्गाला द्यायची ठरली, आणि तेव्हापासून रोज सकाळी काहीतरी निघतं. आधी त्या खोलीच्या कुलपात कोणीतरी सिमेंट भरलं. आम्ही कुलूप बदललं. मग दिव्यांच्या बटणांचा बोर्ड उतरवलेला सापडला. मग त्याच खोलीशेजारच्या जिन्याचा कठडा काढून ठेवलेला. आणि आता बाकं. पहिलीची छोटी बाकं आम्ही संध्याकाळी खोलीत लावतो, कुलूप घालतो. सकाळी ती मैदानावर असतात. फेकलेली नाहीत हो, रांगेत मांडलेली. कोणाचा तरी वर्ग भरावा तशी."

भाऊजींनी आपली खुर्ची हळूच वहिनींच्या बाजूला सरकवली.

"आवाजही येतो," बाई पुढे म्हणाल्या. "खोलीत कोणी नसताना टक् असा. मी स्वतः ऐकलाय. भिंतीवर पांढरे ठिपके उमटतात, नेहमी जोडीने. दार अडकून बसतं. सुताराने रंधा मारून दिला, दोन दिवसांत परत अडकलं. रंगारी तर ब्रश टाकून पळाले. आणि काल फळ्यावर लिहिलं होतं, इथे मुलं बसवू नका. सहा वर्षांची पोरं आहेत हो ती. कोणी त्यांच्या जिवावर उठलंय का, एवढं मला सोमवारच्या आत सांगा."

"सोमवार पुढे ढकलता येत नाही?" वहिनींनी विचारलं.

"जुनी इमारत पाडायला माणसं यायचीत. आणि पालकांना किती वेळा तोंड दाखवू मी? प्रत्येक वेळी नवी तारीख!"

"खोलीच्या किल्ल्या कोणाकडे?"

"तिघांकडे. कंत्राटदार, त्याचा जावई आणि आमचे शिपाईमामा."

"कंत्राटदार कसा माणूस आहे?"

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "गाव त्याला आबा म्हणतं. माझा तो ढब्बू. माझाच विद्यार्थी, अगदी पहिलीपासून. माझा शब्द खाली पडू देत नाही. मैदान मोठं मिळावं म्हणून मी हट्ट धरला, की इमारत कुंपणाकडे सरकव. आखणी झाली होती, पायाचे खड्डे खणायचे तेवढे राहिले होते. पण त्याने एका शब्दाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दोऱ्या नव्या जागी ताणल्या होत्या."

वहिनींनी पिशवी उचलली. "चला भाऊजी. उजेड आहे तोवर बघून घेऊ."

*

नवी इमारत लांबून मोठी देखणी होती. पिवळा रंग, निळ्या खिडक्या, आणि दारावर कागदात गुंडाळलेली पाटी. आत मात्र कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. दोन गवंडी ओसरी धूत होते आणि कोपऱ्याकडे पाठ करायचं दोघेही टाळत होते.

कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराला भाऊजींनी खांदा लावला तेव्हा कुठे ते करकरत उघडलं. आत ताज्या रंगाचा वास भरला होता.

"रंगारी कधी पळाले म्हणालात?" वहिनींनी विचारलं.

"झाला की आठवडा," बाई दाराशीच उभ्या राहून म्हणाल्या.

वहिनींनी सगळीकडे नजर फिरवली. कोपऱ्याच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीपासून छतापर्यंत पांढऱ्या प्लास्टरचे ठिपके होते. दोन ठिपक्यांच्या मध्ये बोटभर जागा, आणि त्या जागेतला रंग बाकीच्या भिंतीपेक्षा किंचित गडद. खाली काचेचे तुकडे पडले होते. भाऊजींनी एक उचलला. तो पातळ होता, फोटोच्या चौकटीला असते तशा काचेचा, आणि त्याच्या दोन कडा सरळ कापलेल्या होत्या. खिडक्यांच्या काचा जाड होत्या आणि त्यांतली एकही फुटलेली नव्हती.

"कुठून आली मग ही काच?" भाऊजींचा आवाज खाली गेला.

त्यांनी वाकून पेन जमिनीवर ठेवलं आणि तुकडे रुमालात गोळा करायला घेतले. पेन हललं. आधी हळू, मग भरभर, ते घरंगळत थेट त्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकलं. भाऊजींची पाचावर धारण बसली. त्यांनी पेन आणून परत ठेवलं. ते परत तिकडेच निघालं.

"वहिनी, कोणीतरी ओढतंय त्याला."

"ओढतंय खरं," वहिनी म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, आणि भाऊजींना त्याचीच जास्त भीती वाटली. एरवी अशा बोलण्यावर त्या दोन दिवस चिडवत.

कठड्याचे लोखंडी नळ जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवले होते. त्यांचे नट-बोल्ट एका फडक्यात बांधलेले होते, आणि गंजू नयेत म्हणून त्यांना तेल लावलेलं होतं.

"एवढा नीटनेटका चोर मी पाहिला नाही," वहिनी म्हणाल्या.

*

शिपाईमामा जुन्या इमारतीतल्या आपल्या खोलीबाहेर बसले होते. बायको गेल्यापासून ते इथेच राहत. इमारत पडली की खोलीही जाणार.

"म्हणजे नवी शाळा लांबली तर तुमचंच बरं," भाऊजींनी डोळे बारीक करून विचारलं.

"बरंच आहे की," मामा म्हणाले. "पण म्हणून मी भुताचं सोंग करू? त्या कोपऱ्यात मी दिवसाही जात नाही. ती जागाच वाईट. पूर्वी केवढा खड्डा होता तिथे. सगळ्या शाळेचा राडारोडा, केरकचरा आम्ही वर्षानुवर्षं त्यात लोटला. भरला, वर गवत आलं, लोक विसरले. मी काही विसरलेलो नाही. सापही निघायचे तिथे."

"हे बाईंना सांगितलंत का?"

"सापांचं? त्या म्हणतील, मामा, अडाण्यासारखं बोलू नका."

"काच कापता येते तुम्हाला?" वहिनींनी मध्येच विचारलं.

मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही आता हिचंही डोकं फिरलंय.

जावई त्या कोपऱ्यातल्याच खोलीत सापडला. मूळचा तो फर्निचरच्या दुकानातला. सासऱ्याने वायरिंग आणि बाकं बघायला बोलावलं म्हणून आला होता. ठिपक्यांच्याच भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून तो डबा खात होता.

"भीती नाही वाटत?" वहिनींनी दारातून विचारलं.

"वाटते ना, पण बाकीच्या खोल्या धुवून ओल्या करून ठेवल्यात. आणि भुतापेक्षा मामंजींची भीती जास्त! म्हणतात सोमवारी चावी द्यायची म्हणजे द्यायची. बोर्ड मी परत बसवला की कोणीतरी उतरवतं. सांगा, मी घरी कधी जाऊ?"

"हे ठिपके कसले?"

"रंगाऱ्यांनी प्लास्टर अर्धवट टाकलं असेल. पळपुटे लेकाचे."

तेवढ्यात ओसरीवर पावलं वाजली आणि आबा आले. धिप्पाड माणूस, पांढरा स्वच्छ शर्ट, डोळे तांबारलेले. वहिनींच्या मागे उभ्या असलेल्या बाईंना पाहताच त्यांनी हातातली विडी पायाखाली चिरडली आणि शाळेतल्या पोरासारखे हात बांधले.

"बाई, चोराला मी उभा सोलतो. माझ्या बांधकामाला कधी बोट लावलं नाही कोणी. सोमवारी तुमच्या हातात चावी!" मग त्यांनी खोलीत डोकावलं, आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. "ए! बाहेर निघ! तिथे काय बसलायस? निघ आधी!"

घास तोंडात तसाच ठेवून जावई उठला. सासऱ्याने त्याला अरेतुरे केल्याचं त्याने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्याचे कान लाल झाले.

"रंग ओला आहे, कपडे खराब होतील," आबा सारवासारव करत म्हणाले. "या, जावईबापू, बाहेर या."

"आबा, ही खोली जरा आत येऊन दाखवता का?" वहिनी म्हणाल्या.

"इथूनच दिसतंय की सगळं." ते उंबरठ्यावर उभे राहून बोट दाखवत गेले. फळा तो, खिडकी ती. बोटांच्या टोकांवर बारीक सरळ चिरा होत्या, काही जुन्या, एक ताजी.

"हाताला काय झालं?"

"सिमेंट, वहिनी. आमची बोटं सिमेंटच खातं."

*

शनिवारी सकाळी बाकं पुन्हा मैदानावर होती.

वहिनींनी वाटेत चौकटवाल्याकडून पातळ काचेची एक पट्टी कापून घेतली होती. कशाला, ते त्या सांगेनात.

"भाऊजी, तुम्ही ओसरीच्या बाहेर उभे राहा. मी हाक मारली तरी आत यायचं नाही."

"आणि तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"म्हणूनच म्हणतेय."

त्या आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. दोघं अंगणात थांबली. भाऊजींनी चहाचा विषय काढून पाहिला, पण वहिनी एकटक त्या दाराकडे बघत होत्या. ऊन ओसरीच्या पायरीवर आलं तरी काही घडेना.

मग आतून आवाज आला. टक्.

भाऊजींच्या अंगावर सरसरून काटा आला. खोलीत कोणी नव्हतं, खिडक्या बंद होत्या, दार त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. वहिनी उंबरठ्यापर्यंत गेल्या, आत पाहिलं आणि परतल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. इतक्या वर्षांत वहिनींना घाबरलेलं भाऊजींनी पाहिलं नव्हतं.

"सगळ्यांना बोलवा," त्या म्हणाल्या. "मैदानावर. इमारतीपासून लांब. गवंड्यांनाही बाहेर काढा."

*

सगळी मंडळी पहिलीच्या बाकांवर बसली. बाकं इतकी बुटकी की आबांचे गुडघे हनुवटीला लागत होते. एरवी कोणी हसलं असतं.

"मला आधी वाटलं, कोणाला तरी शाळा नको आहे," वहिनींनी सुरुवात केली. "मामांना नको असायला कारण होतं. पण शाळा अडवायची असेल तर माणूस पाण्याची टाकी फोडेल, मोठं दार तोडेल. इथे बाकीच्या एकाही खोलीला धक्का नाही. कुलूप त्या खोलीचं, दिवे त्या खोलीचे, जिना तिच्या शेजारचा, तिच्या वरच्या खोलीत जाणारा, बाकं तिच्यातली. हा माणूस फक्त तिथे जायची वाट बंद करत होता. आणि तोडत काहीच नव्हता. बोल्ट काढून त्यांना तेल लावतो. म्हणजे पुढेमागे तो कठडा बसावा अशी त्याची इच्छा आहे."

"मग भूत?" मामांनी विचारलं.

"ते सांगते. दार अडकतं, कारण चौकट वाकते. पेन घरंगळतं, कारण जमीन त्या बाजूला उतरलीय. इमारतीचा कोपरा खचतोय, मामा. तुमच्या त्या खड्ड्यात."

बाई उभ्या राहिल्या आणि परत बसल्या.

"भिंतीला तडा आहे. कोणीतरी तो पुट्टीने बुजवतं आणि वर रंग देतं. म्हणून रंगारी जाऊन आठवडा झाला तरी रंगाचा वास ताजा. आणि तडा वाढतोय का थांबलाय, हे बघायला बांधकामातली माणसं एक साधी गोष्ट करतात. तड्यावर आडवी काचेची पट्टी ठेवायची, दोन्ही टोकांना प्लास्टरचा ठिपका द्यायचा. भिंत स्थिर असेल तर काच तशीच राहते. भिंत हलली की काच तडकते. टक्. आमच्याकडे एकदा पडलेल्या घराचा तपास आला होता, तेव्हा हे मी शिकले. आज सकाळी मीही एक पट्टी लावली. हातच्या काकणाला आरसा कशाला, सकाळची काच दुपारपर्यंत टिकली नाही."

मामांनी आपलं बाक इमारतीपासून आणखी मागे ओढलं.

"आता किल्ल्या तिघांकडे," वहिनी म्हणाल्या. "मामांना काच कशाला लावतात हे ठाऊक नाही. जावईबापू त्याच भिंतीला टेकून डबा खात होते. ज्याला तडा माहीत आहे त्याच्या घशाखाली तिथे घास उतरणार नाही. राहिला एक माणूस. तो उंबरठा ओलांडत नाही. जावयाला आत पाहून त्याचं भान सुटतं. आणि त्याच्या बोटांना काचेच्या चिरा आहेत. सिमेंटने कातडी सोलते आबा, सरळ रेघा पडत नाहीत. तुमचा शर्ट बघून तर वाटत नाही की तुम्ही महिनाभरात घमेलं उचललं असेल."

आबा ताडकन उठले. "माझी इमारत खडकासारखी उभी आहे! मीच बांधायचं आणि मीच अडवायचं? वेड लागलंय का मला?"

"असेल, माझं चुकलं असेल," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "जावईबापू, माझी पिशवी आत राहिलीय, कोपऱ्यात. जरा आणता?"

जावई उठून निघाला. दोनच पावलं टाकली असतील, आबांनी झेप घालून त्याचं मनगट धरलं.

"नको! वहिनी, काय करताय हे? माझ्या लेकीचा नवरा आहे तो!"

पिशवी भाऊजींच्या खांद्याला होती. आबांनी ती पाहिली आणि ते मटकन खाली बसले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशा घोरात त्या माणसाने कित्येक रात्री काढल्या होत्या, आणि आता ते सगळं त्यांच्या तोंडावर आलं.

"वाटलं, माती बसेल आणि थांबेल," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "रोज काच लावायचो. रोज म्हणायचो, आज टिकेल. नवी जागा खणून तपासायला हवी होती. मला कळत होतं."

"मग मला का नाही सांगितलंस रे?" बाईंचा आवाज फाटला. "मी मागितलं मैदान. मी! एक शब्द बोलला असतास!"

"तुम्हाला नाही म्हणायला तुम्ही कधी शिकवलंच नाहीत, बाई."

बाईंनी डोळे मिटले. त्यांनी आयुष्यभर मुलांना गप्प बसवलं होतं, आणि ते त्यांना फार चांगलं जमायचं. मग त्या उठल्या. सोमवारी फाटकावर उभं राहून पालकांना आपणच सांगू असं त्या म्हणाल्या, आणि चूक कोणाची हेही.

*

त्यांनी सांगितलं. पालक खूप बोलले. कोणी म्हणालं, नवी तारीख द्यायची ही नवी युक्ती. कोणी म्हणालं, दिसतेय की धडधाकट इमारत. बाई सगळं ऐकत उभ्या राहिल्या. दोरी बांधून नवी इमारत बंद केली होती आणि जुन्या इमारतीचं पाडकाम थांबवून वर्ग तिथेच भरले. पहिलीची जुनी खोली सामानाने भरली होती, म्हणून पोरं तिथल्या ओसरीवर सतरंज्या टाकून बसली. भाऊजी आणि वहिनी फाटकाशी थांबले होते. आबा दोरीजवळ उभे होते, कोणाशी न बोलता.

मुलं पाढे म्हणत होती तेव्हा तो आवाज झाला. आधी करकर, मग एकच धडाका, आणि मैदानापलीकडे धुळीचा लोट उठला. धूळ खाली बसली तेव्हा कोपरा नव्हता. वरच्या खोलीची फरशी खालच्या खोलीत होती आणि निळी खिडकी कुंपणावर पडली होती.

पाढे थांबले. फाटकावरचे पालक थांबले. भाऊजींनी वहिनींचा हात धरला, आणि आपण तो धरलाय हे दोघांनाही बराच वेळ कळलं नाही.

बाई मात्र ओसरीवर मुलं मोजत होत्या. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून. शेवटपर्यंत मोजून झालं आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

धुळीने माखलेले आबा पायरीपाशी येऊन उभे राहिले. त्यांना वर यायचं धाडस होईना.

"बाई, सगळी आहेत ना?"

"आहेत," बाई म्हणाल्या. त्यांचा हात थांबला नाही. "तू पण वर ये. इथे बस."

आबा वर आले आणि सतरंजीच्या कडेला बसून हमसून हमसून रडू लागले. शेजारची मुलगी त्यांना जागा द्यायला जरा सरकली.